पेशीवरचा एक केस आणि लहान मेंदूतली गाठ

मुलांच्या मेंदूत होणाऱ्या एका गाठीला 1925 साली बोस्टनमध्ये नाव मिळालं. पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात शस्त्रक्रिया करणारे हार्वे कुशिंग आणि काढलेल्या गाठींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे त्यांचे तरुण सहकारी पर्सिव्हल बेली यांनी मिळून तिचं वर्णन छापलं. ही गाठ डोक्याच्या मागच्या बाजूला, लहान मेंदूच्या मधोमध वाढायची. तिच्यातल्या पेशी बारीक, गोल, गर्द रंग घेणाऱ्या, एकमेकींना चिकटून दाटीवाटीने भरलेल्या असत. मोठ्या माणसाच्या मेंदूतल्या कुठल्याच पेशीशी त्यांचा चेहरा जुळत नसे. गर्भाच्या मेंदूत 'मेड्युलोब्लास्ट' नावाची एखादी आदिपेशी असणार आणि ही गाठ तिच्यापासून होत असणार, असा तर्क बांधून गाठीचं नाव ठेवलं गेलं मेड्युलोब्लास्टोमा. गंमत अशी की ती मेड्युलोब्लास्ट पेशी पुढे कुणालाच सापडली नाही. नाव मात्र शंभर वर्षं टिकून आहे.

आजाराची लक्षणं फसवी असतात. लहान मेंदूच्या पुढ्यातच एक पोकळी आहे. मेंदूत तयार होणारं पाणी तिथून खाली उतरतं. गाठीने ती वाट अडवली की पाणी वर तुंबतं आणि डोक्यातला दाब वाढतो. रात्रभर आडवं झोपल्याने तो आणखी चढतो. मूल सकाळी उठतं ते डोकं धरूनच. उलटी होते आणि थोडं बरं वाटतं. घरच्यांना वाटतं पोट बिघडलंय, डॉक्टरही काही दिवस पोटाचंच औषध देतात. मग कधीतरी लक्षात येतं की पोरगं पाय फाकवून चालतंय, दाराच्या चौकटीला धडकतंय.

कुशिंग यांनी 1930 मध्ये आपल्या 61 रुग्णांचा हिशेब मांडला. तीन वर्षांनंतर जिवंत असलेला रुग्ण जेमतेम एक होता. कुशिंग यांच्याइतका हात त्या वेळी जगात कुणाचा नव्हता, म्हणजे दोष सुरीचा नव्हता. गाठ काढली तरी तिच्या पेशी मेंदूतल्या पाण्यातून मणक्यापर्यंत पसरलेल्या असत. हे ओळखून मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयातल्या एडिथ पॅटरसन यांनी फक्त गाठीच्या जागी क्ष-किरण न देता पूर्ण मेंदू आणि पाठीचा कणा किरणांखाली घेतला. पॅटरसन आणि फार यांचा अहवाल 1953 मध्ये आला, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलं तीन वर्षं जगलेली होती. ही फार मोठी झेप होती. पण वाढत्या मेंदूवर आणि कण्यावर किरण सोडण्याची किंमत जबर होती. मुलं जगायची, पण अभ्यासात मागे पडायची, उंची खुंटायची. आणि ही गाठ मुळात होते कशामुळे, याचं उत्तर अजून कुणाकडेच नव्हतं.

ते मिळायला आणखी अर्धं शतक गेलं. त्याचे धागे ज्यांच्या हातात होते त्यांतल्या बहुतेकांचा कर्करोगाशी संबंध नव्हता, आणि एकाला दुसरा काय करतोय याची खबरही नव्हती.

पहिला धागा अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातल्या मेंढपाळांच्या हाती लागला. 1950 च्या दशकात तिथल्या कळपांमध्ये विचित्र कोकरं जन्माला येऊ लागली. काहींना कपाळाच्या मधोमध एकच डोळा, नाकाचा पत्ता नाही, जबडा वाकडा. मेंढपाळ त्यांना 'माकडतोंडी' म्हणायचे आणि त्यांच्याबद्दल फारसं बोलायचे नाहीत, कारण कळपाच्या रक्तात खोट आहे असा बोभाटा झाला तर मेंढ्यांना गिऱ्हाईक कुठून मिळणार? अखेर सरकारी कृषी खात्याकडे तक्रार गेली आणि युटा राज्यातल्या लोगन इथल्या विषारी वनस्पतींच्या प्रयोगशाळेने काम हाती घेतलं. लिन जेम्स हे तिथले शास्त्रज्ञ तीन उन्हाळे कळपांबरोबर डोंगरात राहिले. मेंढ्या काय खातात, कुठे चरतात, दुष्काळात कुठे वळतात हे पाहत राहिले. उंचावरच्या ओलसर कुरणात 'कॉर्न लिली' नावाची एक रुंद पानांची वनस्पती उगवते. खाली चारा आटला की मेंढ्या तिकडे जात आणि ती खात.

पुढचं काम चिकाटीचं होतं. गाभण मेंढ्यांना ती वनस्पती वेगवेगळ्या दिवशी खायला घालून बघितली. गर्भधारणेच्या चौदाव्या दिवशी पोटात गेली तरच कोकरू एकडोळं होतं. त्याआधी किंवा नंतर खाल्ली तर हा प्रकार होत नाही. खुद्द मेंढीला काहीच होत नाही. रिचर्ड कीलर यांनी वनस्पतीतले अर्क एकेक करून तपासले आणि 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यातलं विष वेगळं काढलं. ग्रीक पुराणातल्या एकडोळ्या राक्षसावरून त्याला नाव दिलं सायक्लोपामाइन. मेंढपाळांना सल्ला मिळाला: वीण लागल्यावर पहिले काही आठवडे कळप त्या कुरणात नेऊ नका. कोकरं धड जन्मू लागली, काम संपलं. ते विष गर्भात नेमकं कुठे घाव घालतं हे शोधायची सोय त्या काळी नव्हती. सायक्लोपामाइन तीस वर्षं तसंच पडून राहिलं.

दुसरा धागा जर्मनीत, हायडेलबर्गला. क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस हे दोघे जोड-सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर बसून फळमाशीच्या मेलेल्या अळ्या तपासत होते. माशीच्या जनुकांत मुद्दाम बिघाड करायचा, तिची अळी बघायची आणि शरीराचा आराखडा कुठे चुकला ते टिपायचं, असं त्यांच्या कामाचं स्वरूप होतं. अळीच्या पोटावर एरवी काट्यांचा पट्टा, मग गुळगुळीत पट्टा, पुन्हा काट्यांचा पट्टा अशी रचना असते. एका जनुकाच्या बिघाडात गुळगुळीत भाग नाहीसा झाला आणि अळी सगळीकडून काटेरी झाली. म्हणून त्या जनुकाला अंगभर काटे असलेल्या एका छोट्या प्राण्याचं नाव मिळालं: 'हेजहॉग'. 1980 मध्ये त्यांनी अशी 15 जनुकं जाहीर केली. या कामाला 1995 साली एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल मिळालं.

मग 1993 मध्ये तीन प्रयोगशाळांनी मिळून उंदीर, कोंबडी आणि झेब्राफिश यांच्यातही हेच जनुक असल्याचं दाखवलं. पाठीच्या कण्यातल्या पेशी कुठे काय बनणार, हाताला बोटं कुठल्या क्रमाने येणार, हे ते ठरवत होतं. त्याचं नाव एका व्हिडिओ गेममधल्या निळ्या पात्रावरून 'सॉनिक हेजहॉग' ठेवलं गेलं. तेव्हा ते विनोदी वाटलं. पुढे डॉक्टरांना हे नाव आईवडिलांसमोर उच्चारावं लागेल याचा विचार तेव्हा कुणी केला नसावा.

1996 हे वर्ष या कथेत फार भरगच्च आहे. फिलिप बीची यांच्या प्रयोगशाळेने उंदरातलं सॉनिक हेजहॉग जनुक काढून टाकलं, तर पिल्लांचे गर्भ एकडोळे निघाले. चित्र आयडाहोच्या कोकरांसारखंच! दोन वर्षांत सिद्ध झालं की सायक्लोपामाइन हेजहॉगकडून पेशींना जाणारा संदेशच अडवतं, आणि 2002 पर्यंत कळलं की ते 'स्मूदन्ड' नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं. त्याच 1996 साली दोन गटांनी एका आनुवंशिक आजाराचं मूळ शोधलं. मिनेसोटातले रॉबर्ट गॉर्लिन यांनी रॉबर्ट गोल्ट्झ यांच्यासह 1960 मध्ये काही कुटुंबांचं वर्णन केलं होतं. त्या घरांतल्या माणसांना तरुणपणीच त्वचेचे कर्करोग होत, जबड्यात पाण्याच्या पिशव्या होत, फासळ्यांना फाटे फुटत. अशा घरांतल्या काही मुलांना मेड्युलोब्लास्टोमाही होतो, हे पुढे लक्षात आलं होतं. आता कळलं की या कुटुंबांत 'पॅच्ड' नावाचं जनुक बिघडलेलं असतं. हेजहॉगचा संदेश ज्या प्रथिनावर येऊन थडकतो ते हे पॅच्ड.

म्हणजे एका टोकाला संदेश बंद पडला की एकडोळं कोकरू, आणि दुसऱ्या टोकाला संदेश थांबेनासा झाला की गाठ. लिसा गुडरिच आणि मॅथ्यू स्कॉट यांनी 1997 मध्ये पॅच्डची एक प्रत काढलेले उंदीर वाढवले, तर त्यांतल्या काहींच्या लहान मेंदूत मुलांना होते तशीच गाठ झाली. ज्यांच्या घराण्यात काही आजार नाही अशा मुलांच्या गाठींमध्येही पॅच्ड बिघडलेलं सापडू लागलं. कुशिंग आणि बेली यांना हवी असलेली आदिपेशीही एव्हाना समोर येत होती. रॉबर्ट वेक्सलर-रेया आणि स्कॉट यांनी 1999 मध्ये दाखवलं की लहान मेंदूतल्या पुर्किंजे पेशी सॉनिक हेजहॉग सोडतात आणि त्यामुळे वरच्या थरातल्या ग्रॅन्युल पेशींच्या पूर्वजपेशी झपाट्याने दुभंगत राहतात. हे काम किती मोठं आहे याचा अंदाज आकड्यांवरून येईल: माणसाच्या मेंदूतल्या सुमारे 86 अब्ज चेतापेशींपैकी सुमारे 69 अब्ज एकट्या लहान मेंदूत आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक ग्रॅन्युल पेशी. ही सगळी फौज गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरच्या पहिल्या एक-दीड वर्षात उभी राहते. मग संदेश ओसरतो, पेशी दुभंगायचं थांबतात आणि आत उतरून आपापल्या जागी बसतात. एखादी पेशी थांबलीच नाही, तर पुढे तिची गाठ होते. हा आजार मुलांचा का, याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

एवढं कळूनही एक गोष्ट अडत होती. पॅच्डला संदेश मिळतो, स्मूदन्ड जागं होतं, शेवटी 'ग्ली' नावाची प्रथिनं पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकं चालू करतात. पण पेशीत हे सगळं घडतं कुठे? माशीवर काम करणाऱ्यांनी बहुतेक दुवे शोधले होते, आणि माशीत जे आहे तेच आपल्यात असणार असं गृहीत धरलं जात होतं. फसगत झाली ती इथेच.

इथे तिसरा धागा येतो, आणि तो सगळ्यांत जुना आहे. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशींच्या अंगावर एकच बारीक केस असतो. श्वासनलिकेतले केस शेकड्यांनी असतात आणि सतत हलत कफ वर ढकलतात. हा एकटा केस मात्र हलत नाही. लांबीला मिलिमीटरचे काही हजारावे भाग, जाडी त्याहूनही कितीतरी कमी. कार्ल झिमरमान यांनी 1898 मध्ये माणसाच्या मूत्रपिंडातल्या आणि इतर अवयवांतल्या पेशींवर तो पाहिला, चित्रं काढली, आणि हे पेशीचं काहीतरी जाणून घेण्याचं इंद्रिय असावं असा अंदाजही लिहून ठेवला. अंदाज अचूक होता, पण कुणी मनावर घेतला नाही. 1968 साली सेर्गेई सोरोकिन यांनी फुप्फुसाच्या पेशींचा अभ्यास करताना त्याला 'प्रायमरी सिलियम' म्हटलं. नाव मिळालं, मान मिळाला नाही. न हलणारा केस म्हणजे उत्क्रांतीत मागे राहून गेलेला अवशेष, आपल्या माकडहाडासारखा, असं पुढची तीसेक वर्षं सर्रास समजलं जाई.

सिलियमला प्रतिष्ठा मिळवून दिली ती तळ्यातल्या शेवाळाने. क्लॅमिडोमोनास नावाच्या एकपेशीय हिरव्या शेवाळाला दोन लांब शेपट्या असतात आणि त्या हलवत ते पोहतं. येल विद्यापीठात जोएल रोझेनबाम यांच्या प्रयोगशाळेत कीथ कोझमिन्स्की यांनी 1993 मध्ये या शेपट्यांचं सूक्ष्मदर्शकातून चित्रीकरण केलं. शेपटी स्थिर असतानाही तिच्या आतून बारीक कण बुंध्याकडून टोकाकडे आणि टोकाकडून बुंध्याकडे सारखे सरकताना दिसले. शेपटीच्या आत मालाची ने-आण चालू होती. ती थांबली तर शेपटी बनतच नाही. 2000 साली ग्रेगरी पाझूर आणि सहकाऱ्यांनी त्या वाहतुकीचं एक जनुक शेवाळात ओळखलं आणि उंदरातलं त्याचं भावंड शोधलं, तर ते आधीच माहीत असलेलं निघालं: ते बिघडलं की उंदराच्या पिल्लांची मूत्रपिंडं पाण्याच्या पिशव्यांनी भरून जात. त्या पिल्लांच्या मूत्रपिंडातले सिलिया आखूड होते. निरुपयोगी समजलेला केस तुटला तर अवयव निकामी होतो, हे पहिल्यांदा इतकं उघड दिसलं.

शेवाळ, मूत्रपिंड, केस. हेजहॉगवाल्यांनी यांत लक्ष घालायचं काही कारण नव्हतं. त्यांना ते घालायला लावलं न्यूयॉर्कच्या स्लोन-केटरिंग संस्थेतल्या कॅथरीन अँडरसन यांनी. अँडरसन मूळच्या माशीवाल्या. त्यांनी उंदरांवर तोच जुना खेळ मांडला: रसायन देऊन जनुकांत कुठेही बिघाड करायचा, मग गर्भ बघायचे आणि आराखडा कुठे चुकला ते शोधायचं. कुठलं जनुक सापडेल याबद्दल आधी काही ठरवायचं नाही. त्यांची विद्यार्थिनी डानवेई हुआंगफू हिला दोन प्रकारचे गर्भ असे मिळाले की त्यांच्या मज्जारज्जूच्या खालच्या भागात ज्या पेशी हेजहॉगमुळे बनतात त्या जवळपास नव्हत्याच. बिघडलेली जनुकं शोधली तर ती हेजहॉगच्या साखळीतली नव्हती. ती निघाली रोझेनबाम यांच्या शेवाळातल्या मालवाहतुकीची. 2003 मध्ये 'नेचर'मध्ये हे छापून आलं आणि दोन जगांची गाठ पडली.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातला खरा वळणबिंदू हाच. माशीच्या बहुतेक पेशींना सिलियम नसतोच, आणि तिथे हेजहॉगचा संदेश त्याच्याशिवाय पोहोचतो. त्यामुळे माशीवर आणखी शंभर वर्षं काम केलं असतं तरी हा दुवा हाती लागला नसता. जनुकं तीच, पण आपल्यासारख्या पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांनी त्यांचा मुक्काम एका केसात हलवला होता. पुढच्या चार वर्षांत बाकीचे तुकडे जागेवर बसले. 2005 मध्ये केव्हिन कॉर्बिट, जेरेमी रायटर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की संदेश आल्यावर स्मूदन्ड सिलियममध्ये शिरतं. 2007 मध्ये स्टॅनफर्डला रजत रोहतगी, ल्यिल्याना मिलेंकोविच आणि स्कॉट यांनी दाखवलं की संदेश येण्याआधी तिथे पॅच्ड ठाण मांडून असतं.

चित्र साधारण असं उभं राहिलं. सिलियम ही पेशीच्या वाड्याची देवडी. एरवी देवडीवर पॅच्ड पहाऱ्याला असतं आणि स्मूदन्डला आत येऊ देत नाही. सॉनिक हेजहॉग येऊन पॅच्डला चिकटला की पहारेकरी देवडी सोडतो आणि स्मूदन्ड आत शिरतं. ग्ली प्रथिनांना 'सूफू' नावाचं दुसरं प्रथिन धरून ठेवत असतं. ती जोडी सिलियमच्या टोकाला जाते, तिथे ग्ली सुटतं आणि केंद्रकात जाऊन 'वाढा, दुभंगा' असा हुकूम देतं. हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा तितकाच महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच विसरला जातो. संदेश नसतो तेव्हा त्याच देवडीत ग्लीची काटछाट ठरते, आणि ते तोकडं झालेलं ग्ली केंद्रकात जाऊन त्याच जनुकांना दाबून ठेवतं. म्हणजे 'चालू'चा हुकूम जिथून सुटतो तिथूनच 'बंद'चाही सुटतो.

मग गाठीच्या बाबतीत सिलियम मित्र की शत्रू? सप्टेंबर 2009 च्या 'नेचर मेडिसिन'मध्ये याचं उत्तर दोन लेखांत आलं. लहान मेंदूवरचं काम यंग-गू हान आणि आर्तुरो आल्व्हारेझ-बुइया यांच्या गटाचं होतं. त्वचेच्या कर्करोगावरचं सनी वाँग आणि रायटर यांच्या गटाचं. हान यांनी दोन जातींचे उंदीर घेतले. पहिल्यांत स्मूदन्ड कायमचं जागं ठेवलेलं. त्यांना गाठी होत होत्या. त्याच उंदरांच्या पेशींवरचे सिलिया काढून टाकले, तर गाठी झाल्या नाहीत. इथवर अपेक्षेप्रमाणेच झालं. दुसऱ्या जातीत बिघाड आणखी पुढच्या टप्प्यावर होता, ग्ली हेच कायमचं जागं होतं. यांना सिलिया असताना गाठी झाल्या नाहीत, आणि सिलिया काढल्यावर झाल्या! कारण सिलिया होते तोवर तोकडं ग्ली बनत होतं आणि ते लगाम खेचून धरत होतं. सिलिया गेले तसा लगामही गेला. त्वचेतही हेच दिसलं. मग त्यांनी रुग्णांच्या गाठींचे नमुने पाहिले. ज्यांत हेजहॉगचा किंवा 'विंट' नावाच्या दुसऱ्या एका संदेशाचा जोर होता त्या गाठींच्या पेशींवर सिलिया होते. बाकीच्या बहुतेक गाठींवर नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठी आतून वेगळ्या आहेत, हे एका केसाच्या असण्या-नसण्यावरून सांगता येत होतं.

त्याच महिन्यात 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एका रुग्णाची हकिकत आली. सायक्लोपामाइनच्याच तत्त्वावर, स्मूदन्डला अडवणारं एक औषध तयार झालं होतं, पुढे ते व्हिस्मोडेगिब म्हणून बाजारात आलं. चार्ल्स रुडिन आणि सहकाऱ्यांनी ते मेड्युलोब्लास्टोमा अंगभर पसरलेल्या 26 वर्षांच्या एका तरुणाला दिलं. बाकी सगळे उपाय थकले होते. दोन महिन्यांत तपासणीच्या चित्रांतले गाठींचे ठिपके जवळजवळ नाहीसे झाले, वेदना गेल्या. तिसऱ्या महिन्यात गाठी परतल्या, आणि तो तरुण वाचला नाही. परतलेल्या गाठीत स्मूदन्डचा एकच घटक बदलला होता, 473 व्या जागेवरचा, आणि तेवढ्याने औषधाची पकड सुटली होती. आयडाहोच्या कुरणापासून निघालेली वाट रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचली, ती अशी.

यापुढचा इतिहास उत्साहाला आवर घालणारा आहे. औषधाला 2012 च्या जानेवारीत अमेरिकेत मान्यता मिळाली ती त्वचेच्या कर्करोगासाठी. मुलांच्या बाबतीत एक अडचण दिसतच होती: हाडांची टोकं वाढतात तिथेही हेजहॉग कुटुंबातलाच संदेश काम करत असतो. टॉम करन यांच्या गटाने 2008 मध्येच लिहून ठेवलं होतं की उंदरांच्या पिल्लांना असं औषध थोडे दिवस दिलं तरी हाडं कायमची आखूड राहतात. 2017 मध्ये मुलांबाबतचा अहवाल आला. वाढीचं वय असलेल्या काही मुलांच्या हाडांची वाढीची टोकं औषधाने अकाली जुळून गेली होती आणि औषध थांबवूनही ती पुन्हा उघडली नाहीत. तेव्हापासून हे औषध हाडांची वाढ पूर्ण झालेल्या रुग्णांपुरतंच ठेवावं असं मानलं जातं. मेंढपाळांना दिलेला जुना सल्ला, वेळ बघून कळप दूर ठेवा, हाच होता असं म्हटलं तर चुकणार नाही.

दुसरी मर्यादा देवडीच्या रचनेतच आहे. औषध स्मूदन्डला अडवतं. बिघाड पॅच्डमध्ये किंवा स्मूदन्डमध्ये असेल तर त्याचा उपयोग. सूफू बिघडलेलं असेल किंवा ग्लीच्या प्रती वाढलेल्या असतील तर हुकूम देवडीच्या पलीकडूनच सुटतो आणि औषध वाया जातं. मार्सेल कूल आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये वयानुसार हिशेब मांडला तेव्हा तान्ह्या मुलांत सूफूचे बिघाड ठळक दिसले आणि स्मूदन्डचे मुख्यतः मोठ्या माणसांत. म्हणजे ज्या वयाला गरज जास्त, तिथेच औषध लंगडं. वर आणखी एक पळवाट आहे. बोस्टनच्या रोझलिंड सीगल यांच्या गटाने 2017 मध्ये दाखवलं की औषधाच्या माऱ्याखाली काही गाठींच्या पेशी आपला सिलियमच टाकून देतात. मग स्मूदन्डला अडवून काय साधणार! अशा पेशी सावकाश वाढतात, पण मरत नाहीत, आणि पुढे नवे बिघाड गोळा करून पुन्हा जोर धरतात. 2009 च्या दुसऱ्या जातीच्या उंदरांनी याची सूचना आधीच दिली होती.

मग एवढ्या शोधातून हाती काय लागलं? माझ्या मते सगळ्यांत मोठी मिळकत औषधाची नाही, वर्गवारीची आहे. 2012 पासून मेड्युलोब्लास्टोमा हा एक आजार मानला जात नाही. विंट, सॉनिक हेजहॉग, गट 3 आणि गट 4 असे त्याचे चार मुख्य प्रकार धरले जातात आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2016 च्या वर्गीकरणातही जनुकांवरची विभागणी आली. विंट प्रकारातली बहुतेक मुलं बरी होतात, त्यामुळे त्यांचे किरण आणि केमोथेरपी किती कमी करता येईल यावर चाचण्या चालू आहेत. हेजहॉग प्रकारात आनुवंशिक बिघाड शोधणं आता महत्त्वाचं झालं आहे, आणि तिथे सिलियम पुन्हा समोर येतो. सैकत मुखोपाध्याय आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 'जीपीआर161' नावाचं प्रथिन सिलियममध्ये राहतं असं दाखवलं होतं. संदेश नसताना लगाम घट्ट ठेवणं हे त्याचं काम. 2020 मध्ये कळलं की तान्हेपणी मेड्युलोब्लास्टोमा झालेल्या काही मुलांत याच जनुकाचा बिघाड जन्मतःच होता.

मुख्य उपचार अजूनही तेच आहेत: शस्त्रक्रिया, किरण, केमोथेरपी. त्यांच्या जोरावर चांगल्या केंद्रांत सुमारे 70 टक्के किंवा त्याहून अधिक मुलं पाच वर्षांपुढे जातात. वर्गवारी करायला महागडी यंत्रसामग्री लागते ही अडचण आपल्याकडे होतीच. खारघरच्या अॅक्ट्रेक संस्थेत नीलम शिरसाट आणि टाटा मेमोरियलमधल्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये त्यावर एक चाचणी प्रसिद्ध केली. मेणात जतन केलेल्या गाठीच्या जुन्या तुकड्यावरूनही पीसीआर करून ती गाठीचा प्रकार सांगू शकते. शस्त्रक्रिया गावात झाली आणि मेणाचा ठोकळा मुंबईला पाठवला, तरी काम भागतं.

म्हणून ज्यांच्या घरात हा आजार आला आहे त्यांनी डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. गाठ चारांपैकी कुठल्या प्रकारची आहे, ही पहिली. आणि ती हेजहॉग प्रकारची निघाली तर बिघाड फक्त गाठीत आहे की मुलाच्या रक्तातही, ही दुसरी. पॅच्ड किंवा सूफूचा जन्मजात बिघाड असलेल्या मुलांना किरण दिले तर त्या जागी पुढे त्वचेचे कर्करोग उठतात, म्हणून शक्य तिथे त्यांचे किरण टाळले जातात. हा प्रश्न उपचार सुरू होण्याआधी विचारला, तरच त्याच्या उत्तराचा उपयोग होतो.